पहिलीतला मुलगा 'क'ला 'त' म्हणतो आणि सूचनाही चुकवतो: वर्गात नेमकं काय करायचं?

खडूफळा

पहिलीतल्या एका मुलाबद्दल नेमका सल्ला हवा आहे. वय सहा वर्षं तीन महिने, घरची आणि शाळेची भाषा मराठी. नोंदी अशा आहेत:

१. 'क'चा 'त' आणि 'ग'चा 'द' होतो: कप – तप, गाडी – दाडी, भूक – भूत. 'र' आणि 'ळ' दोन्हींचा 'ल'. नवख्या माणसाला निम्मंच बोलणं कळतं.
२. वाक्यं तीन-चार शब्दांची. 'घोडाला', 'भिंतवर', 'मी वही फाडला' असे प्रयोग सर्रास.
३. "वह्या काढा, तारीख लिहा आणि दहाव्या पानावरचं चित्र बघा" म्हटलं की आधी शेजाऱ्याकडे बघतो, मग तसंच करतो.
४. श्रुतलेखनात 'कमळ'चं 'तमल'.

पालकांना कुणी जिभेचा टाका (जिभेखालची पातळ पट्टी) कापायला सांगितलंय, कुणी रोज फुगे आणि मेणबत्त्या फुंकायला. वाचा-भाषा तज्ज्ञ आठवड्यातून एकदा, अर्धा तास मिळू शकतात. बाकीच्या दिवसांत वर्गशिक्षकाने काय करायचं, किती वेळ, आणि काय टाळायचं?

---

कानोसा

उच्चारांकडे वळण्याआधी कान तपासून घ्या. 'हाक मारली की बघतो' एवढ्यावर समाधान मानू नका. टाळीचा आवाज मोठा असतो. ३० ते ३५ डेसिबलचा श्रवणदोष असलेलं मूलही टाळीला वळतं. पण 'क', 'त', 'स', 'फ' ही व्यंजनं क्षीण असतात आणि नेमकी तीच निसटतात.

दोन चाचण्या मागा. प्युअर टोन ऑडिओमेट्रीत प्रत्येक कानाला कोणत्या पट्टीतला किती हळू आवाज कळतो ते बघतात. टिंपॅनोमेट्रीत कानाचा पडदा किती हलतो ते कळतं. दुसरी टाळू नका, कारण या वयात सर्दीनंतर पडद्यामागे द्रव साठून राहणं नेहमीचं आहे. दुखत नाही, ताप नसतो, त्यामुळे घरी पत्ताच लागत नाही. ऐकणं खालीवर होत राहतं: सोमवारी सगळं समजणारं मूल गुरुवारी हरवल्यासारखं बसतं आणि प्रगतिपुस्तकात 'लक्ष नसते' असा शेरा पडतो. बहुतेकदा हा द्रव तीन महिन्यांत आपोआप ओसरतो, म्हणून तेवढ्या अंतराने पुन्हा तपासतात. तोवर वर्गात काय बदलायचं ते तुमच्या हातात आहे.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो. वर्गात भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे घट थोडी कमी दिसते, पण तोच परतणारा आवाज शब्द पुसट करतो. बोलणं नीट पोचायला शिक्षकाचा आवाज गोंगाटापेक्षा १५ डेसिबल वर हवा, म्हणून मुलाची जागा तुमच्यापासून एक-दोन मीटरवर ठेवा. पंखा, दार, रस्त्याकडची खिडकी यांपासून लांब. पहिल्या बाकाचं टोक मात्र नको, तिथून तुमचा चेहरा तिरका दिसतो. आणि फळ्याकडे तोंड करून सूचना देऊ नका. ही चूक सगळ्यांची होते.

---

जिव्हामूल

आधी जिभेच्या टाक्याबद्दल. 'क' आणि 'ग' जिभेच्या शेंड्याने होतच नाहीत. जिभेचा मागचा भाग मृदू टाळूला टेकतो. टाका आड आला तर शेंड्याला अडवेल, आणि हा मुलगा शेंड्याचे 'त', 'द', 'ल' बिनचूक म्हणतोय. टाका कापून 'क' येणार नाही. फुंकण्याचंही तसंच. फुंकल्याने फुंकणं सुधारतं, उच्चार नाही; बोलताना त्या स्नायूंना ताकद फार थोडी लागते, लागतो तो नेमकेपणा. पालकांचा वेळ त्यात घालवू नका.

'क'चा 'त', 'ग'चा 'द', या दोन स्वतंत्र चुका नव्हेत. 'मागचे ध्वनी पुढे आणायचे' असा एकच नियम तो पाळतोय. म्हणूनच 'क' नीट बसला की 'ग' बऱ्याचदा फारशा कष्टाविना मागोमाग येतो. हा नियम साधारण चार वर्षांपर्यंत सुटायला हवा; सहाव्या वर्षी 'आपोआप जाईल' म्हणत थांबू नये. 'र' आणि 'ळ' उशिरा बसतात, त्यांना तूर्त हात लावू नका.

पहिली पायरी ऐकण्याची. चित्रांच्या जोड्या करा: भूक–भूत, हाक–हात, नख–नथ, गोरा–दोरा, गाणे–दाणे, कार–तार. तुम्ही म्हणायचं, त्याने चित्र दाखवायचं. दहात नऊ बरोबर आले की पुढे चला. सातच्या खाली राहिला तर हीच पायरी धरा आणि कानोसा यांनी सांगितलेल्या चाचण्यांची घाई करा.

मग ध्वनी काढणं. हे काम तज्ज्ञाचंच, पण काय चाललंय ते तुम्हाला माहीत हवं. जिभेचा शेंडा खालच्या दातांमागे चपट्या काडीने हलकेच दाबून ठेवतात आणि मुलाला 'त' म्हणायला सांगतात; शेंडा अडल्यामुळे जीभ मागून उचलली जाते. किंवा उताणं झोपवतात, म्हणजे जीभ आपसूक मागे सरकते. काहींना चूळ गुळगुळवण्याच्या जागेवरून सापडतं.

सापडला की क्रम महत्त्वाचा. मागचे ध्वनी शब्दाच्या शेवटी सोपे जातात, म्हणून आधी 'अक्', 'ऊक्'. त्यानंतर 'कू', 'को', 'का' आणि सर्वांत शेवटी 'की', 'के'. 'ऊ' म्हणताना जीभ मागे असते, 'ई'ला पुढे ओढली जाते. 'की'पासून सुरुवात केली तर 'ती'च ऐकू येईल. शब्दांतही तसंच: आधी नाक, एक, मग कप, काम, केस. 'कातर', 'काटा', 'कागद' सुरुवातीला वर्ज्य, कारण शब्दातला 'त', 'ट' किंवा 'द' नव्या 'क'ला आपल्याकडे ओढतो.

हमखास येणारी अडचण म्हणजे मूल 'क' म्हणून पुढे जुना 'त' जोडतं: 'क-तप'. इंग्रजी पुस्तकांत यावर मध्ये 'ह' घालण्याची युक्ती दिलेली असते. मराठीत ती वापरू नका. 'क' आणि 'हप' जोडले की 'खप' तयार होतो, आणि आपल्याकडे 'ख' हा वेगळा ध्वनी आहे. त्यापेक्षा शेवटच्या 'क'वरून या: 'अक्', मग 'अक्-अप', मग 'अक्कप', मग पुढचा 'अ' हळूहळू गाळा.

अर्ध्या तासात किमान ५० उच्चार व्हायला हवेत, १०० झाले तर उत्तम. ते होत नाहीत याचं एकच कारण असतं: खेळ. फासा टाकणं, सोंगटी सरकवणं यात सत्र संपतं आणि मुलाने 'क' बाराच वेळा म्हटलेला असतो. एका सोंगटीमागे पाच उच्चार असा सौदा करा.

---

खडूफळा

धन्यवाद. पण वर्गात बोलताना 'तप' म्हणाला तर? सध्या "नीट बोल, कप म्हण" असं सांगितलं जातं. आणि काही कळलंच नाही तर काय करायचं?

---

जिव्हामूल

"कप म्हण" बंद करा. जो ध्वनी तोंडातून निघतच नाही तो मागितला की मूल फक्त बोलणं कमी करतं. त्याच्या कानाला फरक कळत असतो. तुम्ही मुद्दाम 'तप' म्हणून बघा, तो बहुधा हसेल किंवा चिडेल.

त्याने "माझा तप पडला" म्हटलं की "अरे, कप पडला? कप फुटला का?" एवढंच. बरोबर शब्द दोनदा त्याच्या कानावर जातो, परत म्हणायला लावायचं नाही. सरावातल्या शब्दांमध्ये ८० टक्के 'क' बरोबर यायला लागले की मग बोलण्यात खुणेने आठवण द्यायची, उदाहरणार्थ गळ्याला बोट लावून.

कळलं नाही तर कळल्याचं नाटक नको. कळलेला भाग परत सांगा आणि राहिलेला विचारा: "काल तू मामाबरोबर गेलास, हे कळलं. कुठे गेलास?" तरीही नाही कळलं तर "दाखव" किंवा "काढून दाखव". घराशी एक छोटी वही ठेवा, त्यात पालकांनी रोज दोन ओळी लिहायच्या: काल काय झालं, कोण आलं. विषय माहीत असला की निम्मं कोडं सुटतं.

---

सामान्यरूप

आतापर्यंतची चर्चा ऐकू येणाऱ्या अडचणीवर झाली. मला जास्त काळजी वाटते ती दोन आणि तीन क्रमांकाच्या नोंदींची. 'तप' सगळ्यांना ऐकू येतो. सूचना न समजणं कुणालाच ऐकू येत नाही, कारण शेजाऱ्याचं बघून मूल वेळ मारून नेतं. नुसता बोबडेपणा असलेली मुलं 'घोड्याला'चं 'धोड्याला' करतील, 'घोडाला' म्हणणार नाहीत.

समज किती आहे ते दहा मिनिटांत तपासता येतं. मुलाला एकट्याला बसवा. टेबलावर लाल वही, निळी वही, लाल डबा, पेन्सिल आणि खोडरबर ठेवा. हातवारे नाहीत, नजरेने वस्तूकडे बघणं नाही, आणि सूचना एकदाच. "खोडरबर लाल वहीखाली ठेव." यात निर्णायक शब्द चार: खोडरबर (पेन्सिल नाही), लाल (निळी नाही), वही (डबा नाही), खाली (वर नाही). 'ठेव' मोजायचा नाही, दुसरं काही करण्यासारखं नाहीच. शब्द तेव्हाच निर्णायक, जेव्हा समोर दुसरा पर्याय असतो. फक्त वही आणि खोडरबर ठेवून हीच चाचणी घेतली तर मूल काहीही न समजता पास होतं, आणि नेमकं असंच तपासलं जातं. साडेचार-पाचपर्यंत चार निर्णायक शब्द पेलायला हवेत. हा मुलगा दोनवर अडत असेल तर तुमची तीन कामांची सूचना त्याच्यासाठी निव्वळ आवाज आहे.

मग सूचना कशी द्यायची? एका वेळी एक काम, ते होऊ द्या, मग दुसरं. काम ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने बोला. "चित्र रंगवण्याआधी नाव लिहा" या वाक्यात 'रंगवणं' आधी कानावर पडतं आणि मूल रंगपेटी उघडतं. मराठीत 'च्या आधी' हा प्रयोग नेहमीच क्रम उलटा करतो. "नाव लिहा. मग चित्र रंगवा." इतकं सरळ ठेवा. फळ्याच्या कोपऱ्यात वही, तारीख, पान यांची छोटी चित्रं काढा. बोललेलं विरून जातं, चित्र थांबतं. "समजलं का?" विचारू नका, उत्तर 'हो'च येतं. "आता तू काय करणार?" विचारा.

प्रश्न विचारल्यावर थांबा. शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, हे मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांत मोजून दाखवलं. तीन सेकंदांपुढे गेलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. या मुलासाठी मनात दहापर्यंत मोजा. सात-आठला येऊन आपणच उत्तर देऊन टाकतो, तेवढं आवरा.

आता व्याकरण. सामान्यरूपं एकदम शिकवू नका, एक आठवडा एक गट. पहिला गट 'आ'कारान्त पुल्लिंगी: घोडा–घोड्याला, डबा–डब्यात, फळा–फळ्यावर, रस्ता–रस्त्यात, कोपरा–कोपऱ्यात, दिवा–दिव्याखाली. पुढच्या आठवड्यात भिंत–भिंतीवर, खिडकी–खिडकीत. मग शाळा–शाळेत. पद्धत तीच, त्याचंच वाक्य दुरुस्त करून परत द्यायचं. "घोडाला पाणी दिलं." "हो, घोड्याला पाणी दिलं. घोड्याला अजून काय देऊ या?" दिवसभर विखरून दहा वेळा करण्यापेक्षा पंधरा मिनिटांत वीस वेळा जास्त परिणाम करतं. त्या वीस वेळांत शब्द वेगवेगळे असू द्या. 'घोड्याला' वीसदा ऐकलं तर मूल 'घोड्याला' शिकेल, नियम शिकणार नाही.

'मी वही फाडला' जरा चिवट आहे. भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, पण 'मी'ला 'ने' लागत नाही, त्यामुळे मुलाला तशी खूणच मिळत नाही. म्हणून 'त्याने'पासून सुरू करा. तीन वस्तू, एकच क्रिया: त्याने कागद फाडला, त्याने वही फाडली, त्याने पुस्तक फाडलं. मग उचलला, उचलली, उचललं. (जुनी रद्दी घ्या, नाहीतर सराव फार उत्साहाने होईल.) हे पक्कं झालं की 'मी'.

वाक्य लांबवायला रंगीत पट्ट्या: कोण, कुणाला, काय, कुठे, काय केलं. आपल्याकडे क्रियापद शेवटी, म्हणून 'काय केलं'ची पट्टी उजव्या टोकाला चिकटवूनच टाका आणि मधली जागा एकेका पट्टीने वाढवा. "मुलीने चेंडू दिला." "मुलीने बाबांना चेंडू दिला." "मुलीने बाबांना अंगणात चेंडू दिला." इंग्रजी साच्यातल्या तयार पट्ट्यांत क्रियापद मध्ये येतं, त्या जशाच्या तशा वापरल्या की वाक्यं भाषांतरित वाटायला लागतात.

निदान तज्ज्ञच करतील, पण नाव कानावर असू द्या: डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, म्हणजे भाषेच्या वाढीतला दोष. हे नाव २०१७ साली तज्ज्ञांच्या सहमतीतून रूढ झालं. साधारण ७ टक्के मुलांमध्ये आढळतं, म्हणजे तिसाच्या वर्गात दोघं. दुसरं कोण, तेही शोधा. ते मूल बहुधा स्पष्ट बोलतं, त्रास देत नाही आणि 'अभ्यासात कच्चं' म्हणून सोडून दिलेलं असतं.

तज्ज्ञाचा आठवड्याचा अर्धा तास एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर तो भाषेवर करा, असं माझं मत.

---

जिव्हामूल

इथे मी असहमत. सूचना, पट्ट्या, दुरुस्त वाक्य परत देणं हे शिक्षक शिकून रोज करू शकतो. ध्वनी काढणं एका चुकीच्या हाताने झालं तर जीभ घशाकडे दाबून भलताच ध्वनी बसतो आणि तो मोडायला 'त' मोडण्याहून जास्त वेळ लागतो. पहिली चार ते सहा सत्रं 'क' काढायला द्या.

---

सामान्यरूप

चार ते सहा मान्य, मात्र ती मोजून. 'क' शब्दांत आला की सराव शाळेकडे, रोज दहा मिनिटं, आणि तज्ज्ञाची सत्रं भाषेकडे. खडूफळा, तज्ज्ञांशी पहिल्याच दिवशी हे ठरवून घ्या. नाहीतर वर्ष संपतं आणि मुलगा 'कप' सुरेख म्हणत सूचना चुकवत राहतो.

---

उजळणी

श्रुतलेखनाबद्दल कुणी लिहिलं नाही. 'तमल' ही शुद्धलेखनाची चूक नव्हे. तो स्वतःशी शब्द पुटपुटतो आणि ऐकलं ते लिहितो. तपासायला तोच शब्द चित्र आणि अक्षरपट्ट्या देऊन, न बोलता जुळवायला सांगा. तिथे 'क' उचलला तर अक्षरओळख शाबूत आहे. चुकांचे गुण कापू नका, पण 'क' आणि 'त' ही अक्षरं सरावात जरूर वापरा. जिव्हामूल यांच्या चित्रजोड्यांखाली पहिलं किंवा शेवटचं अक्षर ठळक लिहा. ध्वनी निसटतो, अक्षर समोर राहतं.

वाचायला शिकण्याच्या वयात उच्चारांचा घोळ शिल्लक असेल तर वाचनही मागे पडण्याचा धोका वाढतो, आणि भाषाही कच्ची असेल तर आणखी. म्हणून रोज पाच मिनिटं ध्वनिखेळ: शब्दाचे तुकडे टाळ्यांनी मोजणं (क-म-ळ, तीन), यमक जुळवणं, 'फुगा'मधला 'फु' काढला तर काय उरेल. सगळ्या वर्गाला घ्या, एकट्याला वेगळं काढायची गरज नाही.

---

अर्धविराम

जरा बाजूचा प्रश्न. अडखळत बोलणाऱ्या मुलालाही हाच सराव चालेल का? आणि घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाचं काय?

---

जिव्हामूल

अडखळण्यासाठी यातलं काहीही नको. "हळू बोल", "श्वास घे", वाक्य पुरं करून देणं, हे तिन्ही टाळा. स्वतः संथ बोला, नजर मुलाकडे ठेवा आणि त्याचं संपेपर्यंत थांबा. प्रकट वाचनात जोडीने वाचू द्या. दोघं एका सुरात वाचताना अडखळणं बहुतेकांचं खूप कमी होतं. हजेरीला 'उपस्थित' ऐवजी हात वर केला तरी चालवून घ्या. बाकी वेगळा धागा काढा, विषय मोठा आहे.

घरच्या भाषेचं: दोन भाषांमुळे दोष निर्माण होत नाही. खरा दोष असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. म्हणून पालकांना विचारा की घरच्या भाषेत मूल गोष्ट सांगतं का, भावंडांपेक्षा उशिरा बोललं का. तिथे सुरळीत असेल तर ते फक्त नवी भाषा शिकतंय. त्यात सुरुवातीचे काही महिने गप्प राहणंही आलं. घरची भाषा बंद करायला मात्र सांगू नका.

---

खडूफळा

शेवटचं. प्रगती होतेय हे कशावरून ठरवायचं? सरावातले शब्द तर पाठ होणारच.

---

सामान्यरूप

म्हणूनच सरावात कधीही न आलेले २० शब्द आजच वेगळे काढून ठेवा: दहा 'क'चे, दहा 'ग'चे, सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे मिसळून. आज चित्रं दाखवून म्हणवून घ्या, फोनवर ध्वनिमुद्रण करा (पालकांची परवानगी लेखी घ्या), मग सहा आणि बारा आठवड्यांनी पुन्हा. भाषेसाठी चित्रगोष्ट सांगायला लावून त्याची सलग ५० वाक्यं उतरवा. एका वाक्यातले सरासरी शब्द आणि सामान्यरूपाच्या जागा किती, बरोबर किती, एवढं मोजा. समजेसाठी टेबलावरची तीच चाचणी, वस्तू बदलून. ध्वनिमुद्रण ऐकून मोजणारी व्यक्ती तुम्ही नसलात तर बरं. रोज ऐकून तुमचा कान त्याच्या 'तप'ला 'कप' समजायला लागलेला असेल.